सवलत आली, शिकवणं राहिलं : न वाचू शकणाऱ्या मुलांची सव्वाशे वर्षं

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. ज्यांच्या घरात किंवा शेजारात वाचताना अडखळणारं मूल आहे त्यांनी तर वाचाच. बाकीच्यांनीही वाचली तर बरं, कारण शेवटी विषय आपल्याच तालुक्याचा आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बाजारपेठेत नवे फलक दिसायला लागलेत. कुठे 'फोनिक्स', कुठे 'ब्रेन जिम', कुठे 'डिस्लेक्सिया रेमेडियल', तर कुठे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारं 'मिडब्रेन'. बातम्या करतो म्हणून पालक मला फोन करतात. मुलगा तिसरीत आहे, बोलायला चुणचुणीत, हिशेबात पक्का, पण पुस्तक पुढ्यात ठेवलं की रडतो. कुठल्या क्लासला घालू? एका गृहस्थांनी दोन वर्षांत चार क्लास बदलले. पैसे गेलेच, पण त्यांचं म्हणणं असं की पैशांचं जाऊ दे, पोराची दोन वर्षं गेली.

मी डॉक्टर नाही, विशेष शिक्षकही नाही. पत्रकाराला जमतं ते केलं. ह्या प्रश्नाचा इतिहास चाळला. त्यात क्लासचं नाव सापडत नाही, पण क्लासवाल्याला काय विचारायचं ते नक्की सापडतं. आणखी एक गोष्ट दिसते, ती आपल्या राज्याबद्दलची. आपण ह्या मुलांना सवलत द्यायला देशात आधी शिकलो, त्यांना वाचायला शिकवायला मात्र अजून शिकतोय.

सुरुवात सव्वाशे वर्षांहूनही आधीची, आणि ती शाळेत नाही, दवाखान्यात झाली. १८७७ साली जर्मनीतले डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी 'शब्दांधत्व' असा शब्द वापरला. मेंदूला इजा झाल्यावर काही मोठ्या माणसांचं बोलणं आणि नजर शाबूत राहते, पण वाचता येत नाही, अशांसाठी. १८८७ मध्ये तिथलेच नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी अशाच रुग्णांसाठी 'डिस्लेक्सिया' हा शब्द आणला. म्हणजे आज आपण लहान मुलांना लावतो तो शब्द मुळात वाचन गमावलेल्या मोठ्यांचा होता.

मुलांचा विषय आला १८९६ च्या नोव्हेंबरात. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्यम प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरचं छोटंसं टिपण छापून आलं. हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावचे. टिपणात त्यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. सातव्या वर्षापासून त्याला शाळा आणि शिकवण्या होत्या. नजर चांगली, आकडे वाचायला पटाईत, खेळात पुढे. पण साधे साधे शब्द वाचता येईनात, आणि स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल. त्याच्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय : सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा पोरगा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता.

हे वाक्य आजही आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही बाई ओळखतील. फरक इतकाच की पर्सीच्या मास्तरांनी त्याला ढ म्हटलं नाही.

ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवूड यांनी पुढे अशा मुलांच्या नोंदी ठेवल्या आणि १९१७ मध्ये पुस्तक लिहिलं. उपाय म्हणून त्यांनी औषध सांगितलं नाही की चष्मा सांगितला नाही. मुलाला वर्गातून वेगळं बसवा, एकट्याला शिकवा, थोडा थोडा वेळ पण वारंवार शिकवा, आणि अख्खा शब्द घोकून घेण्याऐवजी अक्षरापासून सुरू करा. डोळ्यांचा डॉक्टर सांगतोय की हे काम शिक्षकाचं आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संदर्भ लागेल.

आता अमेरिका. १९२५ साली सॅम्युएल ऑर्टन या डॉक्टरनं आयोवा राज्यातल्या ग्रीन काउंटीत फिरतं मनोविकार केंद्र नेलं. आपल्या भाषेत तालुक्याच्या गावी घेतलेलं शिबिर. मंद किंवा नापास म्हणून शिक्षकांनी पाठवलेल्या मुलांत त्यांना बुद्धी चांगली असलेली पण वाचता न येणारी मुलं सापडली. ऑर्टन यांनी कारण सांगितलं ते असं : मेंदूचे दोन भाग एकमेकांवर वरचढ ठरत नाहीत, म्हणून अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात.

हे कारण पुढे चुकीचं ठरलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रँक वेल्युटिनो यांनी सत्तरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. वाचनात मागे असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या मुलांना त्यांनी हिब्रू अक्षरं दाखवली. ती लिपी दोघांनाही येत नव्हती. बघून लक्षात ठेवण्यात दोन्ही गट सारखेच निघाले. डोळ्यांना उलटं दिसत असतं तर इथेही फरक पडला असता. म्हणजे गडबड दिसण्यात नाही, अक्षर आणि आवाज यांची सांगड बसण्यात आहे. त्याच काळात इसाबेल लिबरमन यांनी लहान मुलांना शब्दात जितके आवाज आहेत तितक्या टिचक्या टेबलावर मारायला सांगून पाहिलं. शब्द ऐकून त्यातले आवाज सुटे करणं लहान मुलांना फार अवघड जातं, असं त्यातून दिसलं. शब्दाची ही फोड ज्यांना जमत नाही ती मुलं वाचनात मागे पडतात, हे नंतरच्या पुष्कळ अभ्यासांतून पक्कं होत गेलं.

ऑर्टन यांचं कारण चुकलं, पण उपाय बराचसा टिकला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोघी शिक्षिकांनी तीसच्या दशकात शिकवण्याची पक्की पद्धत बांधली. एकावेळी एक अक्षर, त्याचा एक आवाज. बघायचं, तोंडानं म्हणायचं, कानानं ऐकायचं, बोटानं गिरवायचं. येतं त्याच्यावरच पुढचं रचायचं. आलं नाही तर पुढे जायचं नाही. आज जगभर 'ऑर्टन-गिलिंगहॅम' नावानं जे चालतं त्याचं मूळ हे. 'तारे जमीन पर'मध्ये ईशानला वाळूत बोटानं गिरवायला लावतात, ते आठवतं ना? त्याचा उगम इकडचा.

इथवर आल्यावर कुणी म्हणेल, झालं मग, ऑर्टन-गिलिंगहॅमचा फलक असलेला क्लास धरायचा. पण थांबा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ह्या नावाच्या कार्यक्रमांवरचे दर्जेदार अभ्यास एकत्र करून तपासले. परिणाम चांगल्या बाजूला झुकलेला दिसला, पण तो ठामपणे सिद्ध झाला म्हणता येईल इतका नव्हता. ह्याचा अर्थ पद्धत वाईट असा नाही. अर्थ असा की नावाला हमी नसते. अक्षर-आवाजाची सांगड उघडपणे, क्रमानं, रोज शिकवणं ही त्यातली कामाची गोष्ट. ती दुसऱ्या नावाखालीही सापडेल, आणि ह्या नावाखाली नसेलही.

नावाचं हे प्रकरण न्यूझीलंडच्या उदाहरणातून आणखी स्पष्ट होतं. मेरी क्ले या नामवंत शिक्षणतज्ज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात ऑकलंडला 'रीडिंग रिकव्हरी' सुरू केलं. पहिल्या वर्षात मागे पडलेलं सहा वर्षांचं मूल घ्यायचं, रोज अर्धा तास एका शिक्षकानं एकट्याला शिकवायचं, बारा ते वीस आठवडे. रोज शिकवणं, एकट्याला शिकवणं आणि लवकर सुरू करणं, ह्या तिन्ही गोष्टी उत्तम. न्यूझीलंडभर गेलं, १९८४ ला अमेरिकेत ओहायोला पोचलं, मग अनेक देशांत. लगेच तपासलं की मुलं पुढे गेलेली दिसत. पण त्यात अडलेला शब्द चित्रावरून, वाक्याच्या ओघावरून ओळखायला शिकवायचे. अक्षरं क्रमानं फोडून वाचण्यावर भर कमी. २०२२ मध्ये डेलावेअर विद्यापीठाचे हेन्री मे यांनी त्याच मुलांचा तिसरी-चौथीपर्यंतचा माग काढला. ज्यांना हा कार्यक्रम मिळाला ती मुलं तशाच पण कार्यक्रम न मिळालेल्या मुलांपेक्षा मागे होती. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारनं ह्या कार्यक्रमाचा निधी थांबवायचं जाहीर केलं.

पहिली-दुसरीच्या पुस्तकात चित्र मोठं आणि मजकूर दोन ओळी. अंदाज जमतो. तिसरी-चौथीत चित्र जातं, मजकूर राहतो, आणि अंदाजावर चालणारं पोर उघडं पडतं. आपल्याकडेही पाठ म्हणून दाखवणारी पण मधलाच एक शब्द बोटानं दाखवला की गप्प होणारी मुलं असतात. ती वाचत नसतात, त्यांनी धडा पाठ केलेला असतो.

आता वाट चुकलेले उपाय. साठच्या दशकात फिलाडेल्फियातून एक कार्यक्रम निघाला, डोमन-डेलाकाटो नावाचा. मूल रांगायचं राहून गेलं म्हणून मेंदूची घडण अर्धवट राहिली, आता ठराविक पद्धतीनं रांगवा आणि हातपाय हलवा, वाचनही सुधारेल. हजारो पालकांनी घरात मुलं रांगवली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये सांगितलं की ह्याला आधार नाही, उलट घरच्यांवर ओझं पडतं. ऐंशीच्या दशकात रंगीत काचांचे चष्मे आले. डोळ्यांचे व्यायाम तर त्याआधीपासून होते. २००९ मध्ये त्याच संघटनेनं नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांसोबत निवेदन काढलं की डिस्लेक्सियावर रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम उपयोगी पडतात ह्याला पुरावा नाही. ग्लासगोच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं जे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं, तिथेच गाडी परत आली.

आपल्याकडचं 'मिडब्रेन' आणि 'मेंदू जागवणारे' व्यायाम ह्याच घराण्यातले. ओळखायची खूण सोपी आहे. ते वाचन सुधारण्याचं वचन देतात आणि वाचन सोडून बाकी सगळं करून घेतात. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, काठावर जोर-बैठका काढून भागत नाही.

आता आपल्या भाषेकडे येऊ. वर सांगितलेलं बहुतेक सगळं इंग्रजीचं आहे, आणि आपली मुलं मराठी वाचतात. बाजारातले कितीतरी क्लास मराठी शाळेतल्या पोराला आधी इंग्रजी फोनिक्सच सुरू करतात.

मराठीची गोष्ट वेगळी आहे. इंग्रजीत एका अक्षराचे पाच आवाज, तशी भानगड आपल्याकडे फार नाही. 'क' म्हणजे 'क'. पण आपल्याकडे चिन्हांची गर्दी मोठी. मुळाक्षरं, त्यांना लागणारी स्वरचिन्हं, वर जोडाक्षरं. कन्नडवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीतली सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना चौथी-पाचवी उजाडते. कन्नड आणि मराठी ह्या बाबतीत चुलत बहिणी.

मग मराठीत मूल कुठे अडतं? 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व'. ऱ्हस्व वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी आणि म्हणायची नंतर. 'किती' शब्दात पहिली वेलांटी डावीकडे, दुसरी उजवीकडे. 'र' तर बहुरूपी : 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पोटात, 'ट्रक'मध्ये पायाशी, 'वाऱ्यावर'मध्ये आणखी निराळा. टिंब एकच, पण 'गंगा', 'आंबा' आणि 'संत'मधला त्याचा आवाज वेगवेगळा. 'चमचा'तला 'च' आणि 'चहा'तला 'च' लिहायला सारखा, म्हणायला निराळा. ज्याच्या कानाला आवाज सुटे करणं जमत नाही त्याच्यासाठी हे सगळं डोंगराएवढं. इंग्रजीतल्या 'बी' आणि 'डी'ची गफलत घटवून हे सुटत नाही.

ह्यावर महाराष्ट्रात काम झालंच नाही असं अजिबात नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी केलं. मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणच्या मराठीवर त्यांनी पीएचडी केली, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि तिथेच राहिल्या. शाळेत नाव असूनही वाचता न येणाऱ्या दलित वस्तीतल्या मुलांना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शिकवायला घेतलं. पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांच्या पद्धतीचा गाभा असा की आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असं थांबून राहायचं नाही. थोडी अक्षरं, एखाद-दुसरं स्वरचिन्ह, आणि त्यातून लगेच अर्थाचे शब्द. समजा म, क, ल, न ही चार अक्षरं आणि काना एवढंच घेतलं. तरी मका, काका, मामा, नाक, कान, माल, लाल, काल, कमल इतके शब्द पोर पहिल्या काही दिवसांत वाचतं. सहा महिने 'क का कि की' घोकून एकही शब्द न वाचणाऱ्या मुलाला ह्यानं किती उभारी येत असेल, विचार करा.

पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात नीलेश निमकर आणि 'क्वेस्ट' संस्थेनं आदिवासी मुलांबरोबर वाचन-लेखनाचं काम केलं. त्याच भागात मराठीच्या आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात कन्नडच्या वर्गांत मुलं वाचायला कशी शिकतात ह्याचा काही वर्षांचा अभ्यास झाला. २०१५ मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची चाचणी आणली. डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी भारतीय भाषांत तयार झालेली, आणि त्यात मराठी आहे. म्हणजे मराठी मुलाला इंग्रजी चाचणीनं मोजायची सबब आता उरलेली नाही.

मग अडलं कुठे? ते कळायला १९९६ साल बघावं लागतं.

त्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, असं करणारं हे पहिलं राज्य. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, एखादी भाषा सोडून दुसरा विषय घ्यायची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. पालक आणि तज्ज्ञांच्या धडपडीचं हे फळ. सवलतींमुळे कितीतरी मुलं दहावी पार झाली, हे मोठं काम आहे. त्याला कमी लेखायचं नाही.

पण सवलत मिळायला प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र बरीच वर्षं मुख्यतः मुंबईतल्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मिळायचं. शीवच्या रुग्णालयातलं केंद्र त्यातलं एक जुनं. आपल्याकडच्या पालकानं रात्रीची एस.टी. धरायची, दोन-तीन खेपा मारायच्या, रोजगार बुडवायचा. साहजिकच मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांना हे दार आधी उघडलं. आणि बरेच पालक तिथे पोचायचे तेव्हा मूल आठवी-नववीत असायचं. वाचायला शिकवायची वेळ उलटून गेलेली, राहिली फक्त परीक्षा पार करायची.

२००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द गावोगाव पोचला. त्या सिनेमानं पालकांचा अपराधीपणा आणि शिक्षकांच्या छड्या दोन्ही कमी केल्या, ह्यात शंका नाही. पण सिनेमात ईशान एका गाण्यात वाचायला शिकतो. प्रत्यक्षात त्या गाण्याला दीड-दोन वर्षं लागतात, आणि रोज लागतात.

कायदा आणखी नऊ वर्षांनी आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ह्या मुलांचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार सातवरून एकवीस झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आली. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच प्रमाणपत्र, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, असं ठरलं. लवकर शिक्का बसू नये म्हणून आठ वर्षांची अट, ती समजण्यासारखी आहे. पण काही शाळांनी आणि पालकांनी त्याचा अर्थ असा घेतला की आठ वर्षं होईपर्यंत काहीच करायचं नाही. प्रमाणपत्र सवलतीसाठी लागतं. शिकवायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

इथे आणखी एक गोष्ट. न वाचणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतली जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात. इतक्या सगळ्यांच्या मेंदूत वेगळेपण कसं असेल? बहुतेकांना नीट शिकवलंच गेलेलं नाही. मुंबईत १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या 'प्रथम'नं दाखवून दिलं की इयत्ता न बघता मुलाला जिथे येतंय तिथून शिकवलं तर पुष्कळ मुलं काही महिन्यांत वाचायला लागतात. अमेरिकेनंही २००४ च्या कायद्यात वाट मोकळी केली की बुद्ध्यांक आणि गुणांची तफावत मोजत बसण्याऐवजी आधी नीट शिकवून बघा, तरी मागे राहिलं तर त्याला जास्त मदत द्या. म्हणून क्रम असा ठेवा : आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग तीन-चार महिने रोज पद्धतशीर शिकवा, मग तपासणी. तपासणीची तारीख लांबची मिळाली तरी शिकवणं थांबवायचं नाही.

आता फोन करणाऱ्या पालकांसाठी. क्लास किंवा विशेष शिक्षक निवडताना पाच प्रश्न विचारा. उत्तर देणारा रागावला तर तेही उत्तरच समजा.

पहिला : माझ्या मुलाला आज नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे तपासून लिहून द्याल का? 'लक्ष नसतं', 'आळशी आहे' हे उत्तर नव्हे. 'जोडाक्षरं येत नाहीत, वेलांटी-उकारात गोंधळ, कान्याचे शब्द येतात' हे उत्तर.

दुसरा : शिकवण्याचा क्रम काय? अक्षर आणि आवाज उघडपणे शिकवणार की अंदाजानं ओळखायला लावणार? मराठी वाचनाची अडचण असेल तर मराठीतून शिकवणार का?

तिसरा : आठवड्यातून किती दिवस, एका वेळी किती मुलं? रविवारी दोन तास वीस मुलांत बसवून हे काम होत नाही. रोज वीस-तीस मिनिटं, एक किंवा तीन-चार मुलं, असं असेल तर पुढे बोला.

चौथा : प्रगती कशी मोजणार आणि मला कधी दाखवणार? दर महिन्याला मुलानं न पाहिलेला नवा उतारा एक मिनिट वाचून घ्यायचा, किती शब्द बरोबर आले ते मांडायचं. हे तुम्ही घरीही करू शकता. वहीत तारीख आणि आकडा लिहा. तीन महिने आकडा हलला नाही तर पद्धत बदला, मुलाला दोष देऊ नका.

पाचवा : मूल शिकत असताना त्यातला किती वेळ प्रत्यक्ष वाचन-लेखनात जातो? उड्या, चष्मे, पट्ट्या, संगीत ह्यातच तास जात असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. आणि 'नव्वद दिवसांत बरा करतो' म्हणणाऱ्याला तर दारातूनच. डिस्लेक्सिया हा आजार नाही की बरा व्हावा. मूल वाचायला शिकतं, काहींचा वेग जन्मभर थोडा कमी राहतो, आणि त्यासाठी सवलत असते. सवलतही घ्या, तो हक्क आहे. पण शिकवण्याच्या बदल्यात नाही, शिकवण्याच्या जोडीला.

ज्यांना क्लासची फी परवडत नाही त्यांनी काय करायचं? खरा सार्वजनिक प्रश्न हा आहे. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी गट साधन केंद्रात विशेष शिक्षक आणि तज्ज्ञ असतात. ते बरीच वर्षं बहुतेक कंत्राटी होते, एकेकाकडे कितीतरी शाळा, आणि वरून कागदपत्रांचं काम. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रमाणाबद्दल निकाल दिला, आणि त्यानंतर केंद्रानं प्रमाण ठरवलं : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, त्यावरच्या वर्गांना पंधरामागे एक. २०२५ मध्ये राज्यांनी पदं मंजूर करून भरावीत असा आदेशही दिला. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी मोफत असते, आणि त्यातल्या आजार-अडचणींच्या यादीत अध्ययनाची अडचण आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

सव्वाशे वर्षांच्या ह्या इतिहासात ज्या मुलांचं भलं झालं, त्यांच्या बाबतीत एकच गोष्ट दिसते. एक शिकलेला, धीराचा माणूस रोज त्यांच्याजवळ बसला. अशी माणसं सरकारनं नेमायची की आपण फलक वाचत बाजारात शोधायची, हा निर्णय आपल्या हातात आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीत गटार-रस्त्यांवर बोलतो तसं ह्यावरही बोलू.

मी माहिती अधिकारात पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे अर्ज देतोय. विचारणार आहे : आपल्या तालुक्यात विशेष शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या वर्षी वाचनाच्या अडचणीसाठी किती मुलं तपासली, आणि त्यातल्या किती जणांना प्रत्यक्ष शिकवणं मिळालं. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. शाळा व्यवस्थापन समितीत असलेल्यांनी तोवर आपापल्या शाळेत हाच प्रश्न पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.